वेल्श शिकायचीय? इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी सोबत घ्या

ब्रिटनमधल्या वेल्सची राजधानी कार्डिफ, तिथे राहायला आले तेव्हा पहिला वेल्श शब्द मला रस्त्यानं शिकवला. वळण आलं किंवा शाळा जवळ आली की डांबरावर मोठ्या पांढऱ्या अक्षरात इंग्रजी स्लोच्या जोडीला अजून एक शब्द रंगवलेला असतो, आराव, म्हणजे हळू. कित्येक महिने मी तो मनात अराफ असा वाचत होते कारण शेवटचं अक्षर एफ आहे. मग एकदा बसमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी सांगितलं, अगं आमच्याकडे एकटा एफ म्हणजे व, फ हवा असेल तर एफ दोनदा लिहायचा. त्या दिवशी घरी जाईपर्यंत वाटेतले सगळे बोर्ड मी नव्यानं वाचले, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

नोकरीला वेल्श लागत नाही माझ्या, परीक्षेचं बंधन नाही, मी निव्वळ आनंदासाठी शिकतेय. पण आनंदासाठी शिकायचं म्हणजे कसंही शिकायचं असं नाही, उलट क्रम नीट लावला नाही तर दोन महिन्यात उत्साह संपतो, हे माझ्या आजूबाजूला बऱ्याच जणांचं झालेलं बघितलंय. म्हणून हे सगळं पायरीपायरीनं लिहितेय. यातली मुख्य गोष्ट आधीच सांगते, वेल्शची बहुतेक पुस्तकं इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेली असतात आणि त्यात ज्या गोष्टी "विचित्र" म्हणून समजावलेल्या असतात त्यातल्या निम्म्या मराठी माणसाला जन्मापासून येतात. त्यामुळे शिकताना मनातल्या मनात इंग्रजीत भाषांतर करू नका, थेट मराठीत करा.

थोडं आधी भाषेबद्दल. वेल्श लोक आपल्या भाषेला कम्राइग म्हणतात आणि देशाला कम्री. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये तीन वर्षांवरच्या सुमारे 5 लाख 38 हजार लोकांनी वेल्श बोलता येतं असं सांगितलं, म्हणजे 17.8 टक्के, आणि सरकारचं उद्दिष्ट 2050 पर्यंत दहा लाख बोलणारे असं आहे. ही इंग्रजीची बोली वगैरे अजिबात नाही, ही केल्टिक भाषा, तिची जवळची बहीण म्हणजे फ्रान्समधली ब्रेटन आणि कॉर्नवॉलची कॉर्निश. आपल्या भाषांशीही लांबचं नातं आहे. दात म्हणजे दान्त, महिना म्हणजे मीस (आपला मास), तीन म्हणजे त्री, सात म्हणजे साइथ, दहा म्हणजे देग, नाव म्हणजे एनू. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं 1786 मध्ये कलकत्त्यात ज्यांनी मांडलं ते सर विल्यम जोन्स, त्यांचे वडील वेल्समधल्या अँगलसी बेटावरचे, हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं.

पहिली पायरी: उत्तर की दक्षिण, हे ठरवून टाका

उत्तर वेल्स आणि दक्षिण वेल्स यांची बोली वेगळी आहे. समजून घेता येते, आपल्याकडे कोल्हापूरचा आणि नागपूरचा माणूस बोलतोच ना एकमेकांशी, तसंच. पण शिकणाऱ्याला सुरुवातीला दोन्ही एकदम झेपत नाहीत. दूध दक्षिणेत ल्लाइथ, उत्तरेत ल्लेव्रिथ. आजी दक्षिणेत माम-गी, उत्तरेत नाइन. "आत्ता" दक्षिणेत नाउर, उत्तरेत रूआन, आणि गंमत म्हणजे हे दोन शब्द लिहिले तर एकमेकांची उलटी अक्षरं आहेत. तुम्ही जिथे राहता किंवा जिथे जायचा विचार आहे तिथली बोली घ्या. भारतात बसून शिकत असाल तर ज्या कोर्सचा आवाज कानाला बरा वाटेल तो घ्या, पण एकदा घेतला की वर्षभर बदलू नका.

दुसरी पायरी: आठवडाभर फक्त उच्चार

हा आठवडा वाचवायचा मोह होतो, पण वाचवू नका. वेल्श दिसायला भयंकर दिसते, सगळी व्यंजनं एकमेकांना चिकटलेली, पण ती जवळजवळ जशी लिहिली तशीच वाचतात, मराठीसारखी, आणि नियम एकदा बसले की अनोळखी शब्दही मोठ्यानं वाचता येतो. डब्ल्यू हा बऱ्याचदा स्वर असतो, उ किंवा ऊ. वाय हा शब्दात शेवटी आला की इ, आधी आला की आपला नुसता अ. एकच शब्द पाठ करा म्हणजे नियम डोक्यात राहील, हॉस्पिटलला म्हणतात अस्बती, यात तीन वाय आहेत, पहिले दोन अ आणि शेवटचा ई. (आपलं इस्पितळ आणि हा अस्बती, दोघांचं मूळ मागं जाऊन लॅटिनमध्ये एकाच घरात पोचतं.) शब्दातला जोर बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर.

आता अवघड आवाज. डबल डी म्हणजे जीभ दातांमध्ये किंचित ठेवून काढलेला मऊ द, मी इथे ध लिहितेय पण तो आपला ध नाही. सीएच म्हणजे घशातून घासत येणारा ख, उर्दूतल्या ख़बरसारखा. टीएच म्हणजे हवा सोडत काढलेला थ. आणि तो प्रसिद्ध डबल एल. जीभ ल म्हणायला जिथे टेकवता तिथेच टेकवा, तशीच ठेवा, आणि आवाज न काढता जिभेच्या दोन्ही बाजूंनी नुसती हवा सोडा. बस. ल्लानेल्ली हे गावाचं नाव दिवसातून वीस वेळा म्हणा, मी स्वयंपाक करताना म्हणायचे. चौथ्या पाचव्या दिवशी जमतं.

आणि इथे मराठीचा पहिला फायदा. वेल्शमध्ये म्ह, न्ह, ऱ्ह असे आवाज आहेत. माझ्या वर्गातल्या इंग्रजी भाषिकांना शब्दाच्या सुरुवातीला म्ह काढताना घाम फुटत होता, एम आणि एच एकत्र कसे म्हणायचे हेच त्यांना उमगेना. आपण म्हैस, न्हाणी, कुऱ्हाड म्हणतच मोठे झालो. वेल्शचा म्ह आपल्यापेक्षा जास्त श्वासाचा आणि कमी घोषाचा असतो एवढाच फरक, कान लावून ऐकलं की जुळवता येतो.

तिसरी पायरी: वाक्याचे साचे, मराठीवरून

वेल्श वाक्यात क्रियापद सगळ्यात आधी येतं. माइर की अन अ ती, म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तर "आहे कुत्रा घरात". आपलं क्रियापद शेवटी असतं हे खरं, पण जोर द्यायचा असला की आपणही ते पुढे आणतोच, "आला एकदाचा पाऊस", "गेले ते दिवस". वेल्श माणूस कायम "गेले ते दिवस" च्या चालीत बोलतो असं समजा, कानाला पटकन सवय होते.

पुढचा साचा तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. वेल्शमध्ये इंग्रजीसारखं "हॅव" हे क्रियापद नाहीच. माझ्याकडे गाडी आहे हे दक्षिणेत माए कार दा वी, म्हणजे "आहे गाडी माझ्याजवळ". इंग्रजीवाल्यांच्या पुस्तकात यावर लांबलचक स्पष्टीकरण असतं, तुम्ही ते पान उलटून पुढे जा. तसंच सर्दी, भीती, भूक या गोष्टी वेल्शमध्ये माणसाच्या अंगावर येतात. माए आनुइद आर्ना इ, "आहे सर्दी माझ्यावर". माए ओव्न आर्ना इ, "आहे भीती माझ्यावर". आपण मला सर्दी झालीय, मला भीती वाटतेय म्हणतो, मी सर्दी करतो असं म्हणत नाही, तीच वृत्ती. आणि तो "वर" सर्वनामाला चिकटून बदलतो, आर्ना इ माझ्यावर, आर्नात ती तुझ्यावर, आर्नो वे त्याच्यावर, आर्नी ही तिच्यावर. सगळंच जुळतं असं मात्र नाही हं, "मला आवडतं" साठी वेल्शमध्ये मीच कर्ता असतो, दुइन होफी कोफी, मी कॉफी आवडवतो अशा थाटाचं, तिथे मराठी आडवी येते.

तू आणि तुम्ही हा भेदही आहे, ती आणि खी. लहान मुलं, मित्र, घरातले यांना ती, अनोळखी किंवा मोठ्या माणसाला खी. हे कुणी शिकवायची गरजच नाही आपल्याला.

आणि हो-नाही. वेल्शमध्ये हो साठी एकच शब्द नाही याची फार चर्चा असते. पण आपण काय करतो? "दूध आहे का?" "आहे." "येणार का?" "येणार." क्रियापदच परत म्हणतो. वेल्शमध्ये तेच. ओइस ल्लाइथ, दूध आहे का, तर ओइस किंवा नाग ओइस. दिखिन होफी ते, तुम्हाला चहा आवडतो का, तर अदू किंवा नाग अदू. झालेल्या गोष्टीबद्दल विचारलं तर दो किंवा नाधो. प्रश्न ऐकताना पहिल्या शब्दाकडे लक्ष ठेवा, उत्तर बहुतेक वेळा त्यातच असतं.

चौथी पायरी: शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं, घाबरायचं नाही

इथे बरेच जण सोडून देतात, म्हणून जरा थांबून सांगते. वेल्शमध्ये आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं. याला म्युटेशन म्हणतात. देशाचं नाव कम्री, पण सीमेवरच्या बोर्डावर क्रोइसो इ गम्री लिहिलेलं असतं, वेल्समध्ये स्वागत. कार्डिफ म्हणजे काइर्दीध, कार्डिफला म्हणजे इ गाइर्दीध, कार्डिफमध्ये म्हणजे अङ ङ्हाइर्दीध, आणि "आणि कार्डिफ" असं म्हणायचं तर आ खाइर्दीध. (तो ङ्ह काढताना वाङ्मय शब्दातला ङ आठवा.) पहिल्यांदा हे बघून वाटतं, हे काय, गावाचं नावच बदलतं? अहो पण आपलं पुणं पुण्याला होतं, ठाणं ठाण्यात होतं, मुलगा मुलाला होतो. आपण शेपूट बदलतो, ते तोंड बदलतात. मराठी शिकणारा परदेशी माणूस आपल्या सामान्यरूपापुढे जसा हैराण होतो तसे आपण इथे, आणि आपण ते व्याकरणाच्या तक्त्यावरून शिकलो नव्हतो, ऐकून ऐकून शिकलो, इथेही तोच मार्ग.

वडील म्हणजे ताद. या एका शब्दावर म्युटेशनचे तिन्ही प्रकार बसतात, म्हणून मी सगळ्यांना हाच पाठ करायला सांगते:

व न्हाद, माझे वडील
द दाद, तुझे वडील
इ दाद, त्याचे वडील
इ थाद, तिचे वडील

शेवटच्या दोन ओळी बघा. त्याचे आणि तिचे यासाठी शब्द एकच, इ, आणि फरक फक्त पुढच्या अक्षरात. म्हणजे म्युटेशन हा नुसता अलंकार नाही, अर्थ त्याच्यावर उभा आहे. तरीपण बोलताना चुकलात तर लोक समजून घेतात, संदर्भावरून कळतं, वेल्श बोलणारेही गप्पांमध्ये काही म्युटेशन गाळतात. माझा क्रम असा होता, पहिले तीन महिने नियम वाचायचेच नाहीत, फक्त तयार वाक्यं पाठ, पानेद ओ दे (एक कप चहा, सुटा चहा ते, इथे दे), अन गम्राइग (वेल्शमध्ये). तीन महिन्यांनी फक्त पहिल्या, मऊ प्रकाराचे नियम, कारण तो सगळ्यात जास्त लागतो. बाकीचे दोन सावकाश.

डिक्शनरी बघताना मात्र हे माहीत हवं. गाथ हा शब्द ग मध्ये सापडणार नाही, मूळ शब्द काथ, मांजर. आणि वर्णमालेत सीएच, डीडी, एनजी, एलएल ही स्वतंत्र अक्षरं धरतात, त्यातलं एनजी तर जी नंतर आणि एचच्या आधी येतं, त्यामुळे छापील डिक्शनरीत शब्द नाहीच असं वाटून पुस्तक मिटू नका. बँगर युनिव्हर्सिटीचं आप गेइर्याद्युरोन हे फुकट अ‍ॅप आहे, आणि तिथलाच किसिल नावाचा ऑनलाइन चेकर, तुम्ही लिहिलेल्या वाक्यातली म्युटेशनची चूक दाखवतो. मी रोज चार ओळींची डायरी लिहून त्यात टाकायचे. शब्दाचा इतिहास वाचायची आवड असेल तर वेल्स युनिव्हर्सिटीचा मोठा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात रात्र कशी जाते कळत नाही.

पाचवी पायरी: कोर्स

ड्युओलिंगो या भाषा शिकायच्या अ‍ॅपवर वेल्श 2016 पासून आहे, शब्द तोंडात बसवायला चांगलं, पण 2023 नंतर तो कोर्स नव्यानं वाढवणं थांबवलंय आणि नुसत्या त्याच्यावर बोलता येत नाही. सेसमथिंगइन नावाचा ऑडिओ कोर्स आहे, त्यात वाचायला जवळजवळ काही नसतं, वाक्य ऐकून तुम्ही आधी बोलायचं आणि मग बरोबर उत्तर ऐकायचं, भांडी घासताना, चालताना करता येतं, उत्तर-दक्षिण निवडता येतं. बोलायची भीती घालवायला मला यानं सगळ्यात जास्त मदत केली.

आणि खरा वर्ग हवा असेल तर दस्गी कम्राइग, म्हणजे प्रौढांना वेल्श शिकवणारं राष्ट्रीय केंद्र, 2016 ला सुरू झालेलं. पायऱ्या अशा आहेत, मनेद्याद, मग सिल्वाइन, कानोल्राध, इउख, आणि शेवटी ग्लोइवी. ऑनलाइन वर्गही असतात त्यामुळे परदेशातूनही बसता येतं, आणि सुरुवातीचे छोटे टेस्टर कोर्स फुकट आहेत. पुण्यात बसून करायचं असेल तर वेळेचा हिशोब आधी करा, तिकडचा संध्याकाळचा सातचा वर्ग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा.

माझं मत विचाराल तर आठवड्याला एक वर्ग, रोज वीस मिनिटं ऑडिओ, आणि अ‍ॅप फक्त रिकाम्या वेळात. एकदम पाच साधनं धरू नका. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी पुढे नेतात.

आकड्यांबद्दल एक छोटी गोष्ट. आधुनिक पद्धत सोपी, अकरा म्हणजे ईन देग ईन, एक दहा एक. पण घड्याळ, तारखा आणि वय सांगताना जुनी वीसवीसची पद्धत अजून कानावर पडते. चाळीस म्हणजे देइगाइन, दोन विसा. साठ म्हणजे त्रिगाइन, तीन विसा. अठरा म्हणजे देइनाउ, दोन नऊ. माझी आजी बाजारात विसाच्या हिशोबातच मोजायची, त्यामुळे हा धडा आला तेव्हा मला तिची फार आठवण झाली.

सहावी पायरी: कान

एस फोर सी हे वेल्श टीव्ही चॅनल 1 नोव्हेंबर 1982 ला सुरू झालं, आणि ते सहजासहजी मिळालेलं नाही, सरकारनं दिलेला शब्द फिरवला तेव्हा ग्विनवोर एव्हन्स या नेत्यानं 1980 मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला होता, आणि सरकार नमलं. हे माहीत असलं की तिथली साधी मालिकासुद्धा वेगळ्या नजरेनं बघितली जाते. सबटायटल चालू ठेवून बघा, लाज वाटायचं कारण नाही. भारतातून सगळे कार्यक्रम दिसत नाहीत, हक्कांमुळे अडतात. बीबीसी रेडिओ कम्रीचं पिगिओन नावाचं पॉडकास्ट खास शिकणाऱ्यांसाठी आहे, कार्यक्रमांचे तुकडे आणि अवघड शब्दांचे अर्थ. एकच भाग तीन वेळा ऐका. पहिल्यांदा काही कळत नाही, तिसऱ्यांदा शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागतात.

वाचायला सुरुवातीला पुस्तक नको, गावांची नावं घ्या. नकाशा उघडा. आबेर म्हणजे नदीचं मुख, म्हणून आबेरअस्तुइथ हे अस्तुइथ नदीच्या मुखाशी, आबेरतावे (इंग्रजीतलं स्वान्सी) तावे नदीच्या मुखाशी. ल्लान म्हणजे चर्च आणि त्याभोवतीची वस्ती, पोन्त पूल, काइर किल्ला, पेन डोकं किंवा टोक. वाडी, पूर, गड हे जसे आपल्याला काही न शिकता कळतात तसं तिथला भूगोल बोलायला लागतो. नंतर आम्दानी नावाची शिकणाऱ्यांसाठीच पायरीनुसार लिहिलेली पुस्तकांची मालिका आहे, ती घ्या.

सातवी पायरी: तोंड उघडा

दुकानात, बँकेत, दवाखान्यात नारिंगी रंगाचा बोलण्याच्या फुग्याचा बॅज लावलेली माणसं दिसतील, त्याचा अर्थ हा माणूस वेल्श बोलतो. त्यांच्याशी सुरुवात करा. बोरे दा (सुप्रभात) म्हणा, दिओल्ख (धन्यवाद) म्हणा. अडचण अशी येते की तुम्ही अडखळलात की समोरचा चांगुलपणानं इंग्रजीवर जातो, आपल्याकडे मराठी बोलायचा प्रयत्न करणाऱ्याशी आपण लगेच हिंदीत बोलायला लागतो ना, तसंच. त्यासाठी तीन वाक्यं खिशात ठेवा. दुइन दस्गी कम्राइग, मी वेल्श शिकतेय. अन आराव, ओस ग्वेलुखन धा, हळू, प्लीज. इन्वाइथ एतो, पुन्हा एकदा. ही तीन वाक्यं आली की बहुतेक लोक थांबतात, चेहरा खुलतो आणि वेल्शमध्येच पुढे बोलतात. बऱ्याच गावांत लायब्ररीत किंवा कॅफेत शिकणाऱ्यांसाठी गप्पांचे गट असतात, फुकट, नुसतं जाऊन बसलं तरी चालतं.

सुट्टी काढता आली तर ल्लीन द्वीपकल्पावर नान्त ग्वर्थेइर्न नावाची जागा आहे, समुद्राकाठची ओस पडलेली खाणकामगारांची वस्ती 1978 मध्ये विकत घेऊन तिचं वेल्श भाषा केंद्र केलं. तिथे राहून कोर्स करता येतो, सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत वेल्श. आणि जवळच काइर्नार्वोन, तिथे रस्त्यावर, भाजीच्या दुकानात, शाळेतून सुटणाऱ्या पोरांच्या तोंडी सगळीकडे वेल्शच.

पश्चिम किनाऱ्यावर ल्लानऱ्हस्तिदजवळ रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर दोन शब्द रंगवलेले आहेत, कोव्युख द्रवेरिन, त्रवेरिन विसरू नका. लिव्हरपूलला पाणी पुरवण्यासाठी त्रवेरिन खोऱ्यात धरण बांधलं आणि 1965 मध्ये कापेल केलिन हे वेल्श बोलणारं अख्खं गाव, शाळा आणि चॅपलसकट, पाण्याखाली गेलं. धरणात गाव गेलेली माणसं आपल्याकडेही कमी नाहीत, त्यामुळे ती भिंत बघताना मला कुणी काही समजवावं लागलं नाही. त्या दोन शब्दांतही म्युटेशन आहे बघा, त्रवेरिनचं द्रवेरिन.

दर ऑगस्टच्या सुरुवातीला आइस्तेधवोद नावाचा आठवडाभराचा उत्सव भरतो, एक वर्ष उत्तरेत, एक वर्ष दक्षिणेत, कविता, गाणं, नाटक सगळं वेल्शमध्ये, आणि शिकणाऱ्यांसाठी वेगळा तंबू असतो. पहिल्या वर्षीच जा, भाषा यायची वाट बघू नका. 2024 ला तो पोन्तप्रीधला होता, माझ्या घरापासून ट्रेननं जवळ. त्याच गावात 1856 मध्ये इव्हान आणि जेम्स जेम्स या बापलेकांनी वेल्सचं राष्ट्रगीत रचलं, बागेत त्यांचं स्मारक आहे. हेन व्लाद व न्हादाय, माझ्या पूर्वजांचा जुना देश. मूळ शब्द ग्व्लाद आणि तादाय, म्हणजे शीर्षकातच दोन म्युटेशन. स्मारकासमोर मी ते हळू आवाजात वाचलं, आणि शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, तुमचा न्ह फार छान येतो हो, कुठे शिकलात? मी सांगितलं, सातारा.